व्हिज्युअल नॉव्हेल म्हटलं की लोक नाक का मुरडतात?

जुलै २०२५ मध्ये संगणकावरचे गेम विकणाऱ्या दोन मोठ्या ऑनलाइन दुकानांनी एकापाठोपाठ साफसफाई केली. स्टीमनं नियमांत नवं कलम घातलं. पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्या, कार्ड नेटवर्क आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा माल इथं चालणार नाही, असं ते कलम सांगतं. त्यानंतर प्रौढांसाठीचे अनेक गेम तिथून गेले. थोड्याच दिवसांत इच डॉट आयओ या दुकानानं प्रौढ अशी नोंद असलेलं सगळंच आपल्या शोधातून काढलं. या दोन्ही दुकानांच्या प्रौढ विभागात व्हिज्युअल नॉव्हेल या प्रकाराचा भरणा मोठा आहे, त्यामुळे हे नाव पुन्हा चर्चेत आलं आणि नेहमीप्रमाणे बदनाम होऊनच आलं.

आपल्याकडं हा प्रश्न घरातच उभा राहतो. लेक लातूरला क्लाससाठी राहते, पोरगा संभाजीनगरला ॲनिमेशन शिकतो. सुट्टीत घरी आल्यावर त्यांच्या लॅपटॉपवर मोठ्या डोळ्यांच्या मुलींचं चित्र दिसतं, आणि वडील नाव टाकून शोध घेतात तर पहिल्या दहा निकालांत भलतंच काहीतरी. पोरगं म्हणतं, "बाबा, ही कादंबरी आहे." बाबांना ते पटत नाही. दोघांचंही चुकत नाही. ते कसं, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

## आधी ही वस्तू काय ते पाहू

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर वाचायची कथा. मागं एक स्थिर चित्र असतं: वर्ग, रेल्वे स्टेशन, स्वयंपाकघर. त्यापुढं पात्राचं कंबरेपर्यंतचं किंवा गुडघ्यापर्यंतचं चित्र, त्याला स्प्राइट म्हणतात. पडद्याच्या खालच्या भागात एक चौकट आणि तिच्यात दोन-तीन ओळी. क्लिक केलं की पुढच्या ओळी येतात. सोबत संगीत असतं, कधी पात्रांचे आवाज असतात. मधूनमधून पर्याय विचारले जातात आणि निवडीप्रमाणे कथा वेगळ्या वाटेनं जाते. अशा एका पूर्ण वाटेला रूट म्हणतात. काही कथांत पर्याय नसतातच, नुसतं वाचायचं. महत्त्वाच्या प्रसंगी स्प्राइट बाजूला होऊन पडदाभर एक खास चित्र येतं, त्याला या धंद्यात सीजी म्हणतात.

हा प्रकार छोट्या गटाला परवडतो, कारण चित्रं पुन्हा पुन्हा वापरता येतात. एका पात्राच्या उभं राहण्याच्या ४ ढबी, ३ पोशाख आणि ८ चेहरे वेगवेगळ्या थरांत काढून ठेवले की ९६ रूपं तयार होतात. तीन-चार जणांची मंडळी अख्खी कथा उभी करू शकतात. खरा खर्च दोन जागी होतो: लिहिण्यात, आणि एकदाच दिसणाऱ्या सीजीत.

या रचनेत शृंगार कुठंही बसवलेला नाही. जपानमध्ये एनिक्स कंपनीनं १९८३ मध्ये काढलेली 'पोर्टोपिया' ही खुनाच्या तपासाची कथा या प्रकाराच्या पूर्वजांत धरली जाते. २००१ चा 'ग्याकुतेन साइबान' कोर्टातल्या वकिलाचा. २००२ पासून आलेला 'हिगुराशी' एका खेड्यातल्या खूनसत्राचा. २००९ चा 'स्टाइन्स गेट' काळात मागं निरोप पाठवणाऱ्यांचा. इंडोनेशियात तयार झालेला २०२० चा 'कॉफी टॉक' रात्री उघड्या असणाऱ्या कॉफीच्या दुकानातल्या गप्पांचा. यांतल्या एकाचाही धंदा कामुक दृश्यांवर चाललेला नाही.

## मजकूर दिसत नाही, चित्र दिसतं

माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथं आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण प्रमाण नेहमीचं आहे.

समजा एका कथेत १,२०,००० शब्द आहेत. मिनिटाला १५० शब्दांच्या वेगानं ८०० मिनिटं, म्हणजे तेरा तासांहून जास्त वाचन. त्यात ६ कामुक प्रसंग, प्रत्येकी १,५०० शब्दांचे. एकूण ९,००० शब्द झाले, म्हणजे मजकुराच्या साडेसात टक्के. आता चित्रं मोजा. सीजी ८०, आणि प्रत्येक कामुक प्रसंगाला ३ या हिशेबानं त्यांतल्या १८ तसल्या. हे झाले साडेबावीस टक्के. म्हणजे शब्दांत जो भाग शंभरातले सात-आठ आहे, तो चित्रांत शंभरातले बावीस-तेवीस होतो. जाहिरात तर चित्रांचीच होते. दुकानाच्या पानावर बोटभर रुंदीच्या चौकोनात १,२०,००० शब्द कसे दाखवणार? तिथं एक चेहरा मावतो, फार तर दोन. मग चित्रकार चेहरा काढतो, विक्री बघणारा म्हणतो कॅमेरा जरा खाली घ्या, आणि तेरा तासांच्या कथेची ओळख त्या एका चौकोनावर ठरते.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत किंवा दुसऱ्या कुठल्या जत्रेत तमाशाचा तंबू पाहिला असेल, तर हे लगेच लक्षात येईल. फलकावर नाचणारीचं चित्र असतं. आत मात्र गण होतो, गवळण होते, आणि रात्र चढल्यावर वग सुरू होतो. वग म्हणजे पूर्ण लांबीचं नाटक: राजा, फितुरी, न्याय, विनोद. वगासाठी जागणारा प्रेक्षक निराळा असतो. पण ज्यानं तंबूत पाऊलच टाकलं नाही, त्याच्या डोक्यात तमाशा म्हणजे फलकावरचं चित्र. तिकीट त्या चित्रावर खपतं आणि कलावंतांच्या वाट्याला बदनामीही त्या चित्रावरूनच येते. व्हिज्युअल नॉव्हेलचं तंतोतंत असंच झालं.

## हे जपानच्या संगणकांवर सुरू झालं

ऐंशीच्या दशकात जपानमध्ये टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर (त्यांना कन्सोल म्हणतात) काय चालेल ते यंत्र बनवणारी कंपनी ठरवायची. निन्टेन्डोसारख्या कंपनीकडं कामुक मजकुराला दार बंद होतं. संगणकावर असा पहारेकरी नव्हता. एनईसी कंपनीचे पीसी-८८०१ आणि १९८२ चे पीसी-९८०१ हे संगणक तिथं घरोघरी आणि ऑफिसात पोचले होते. जपानी लिपीतली किचकट अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांचा पडदा बारीक ठिपक्यांचा होता, पीसी-९८०१ चा ६४० गुणिले ४००. पण चित्र वेगानं सरकवणं त्यांना जमायचं नाही. धावाधावीचे खेळ कन्सोलवर उत्तम होत, संगणकावर रखडत. स्थिर चित्र आणि खाली भरपूर मजकूर मात्र संगणकावर झकास दिसायचा.

म्हणजे ज्या यंत्रावर स्थिर चित्र शोभायचं त्याच यंत्रावर बंदी नव्हती, आणि ते यंत्र विकत घेणारे बहुतेक मोठे पुरुष होते. या तीन गोष्टी जुळल्यावर काय होणार ते सांगायला नको. कोएई कंपनीनं १९८२ मध्येच 'नाइट लाइफ' नावाचा प्रौढांचा प्रोग्राम विकला होता. हीच कंपनी पुढं इतिहासावरच्या खेळांसाठी नावाजली, आणि १९९४ मध्ये तिनंच 'अँजेलिक' हा मुलींसाठीचा प्रेमकथेचा गेम कन्सोलवर आणला. त्यातून मुलींच्या प्रेमकथांची एक वेगळी शाखा निघाली, ती ओतोमे नावानं आजही जोरात आहे.

१९९१ मध्ये जपानमध्ये एका शाळकरी मुलानं दुकानातून प्रौढांचा गेम चोरला. प्रकरण पोलिसांत गेलं, प्रकाशक कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली, देशभर गदारोळ उठला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, कंपन्यांनी मिळून स्वतःची तपासणी संस्था काढली. डब्यावर वयाचा शिक्का लावायचा, दंडसंहितेच्या १७५ व्या कलमामुळे ठराविक भाग धूसर करायचा, अशी शिस्त आली. १९९६ मध्ये लीफ या कंपनीनं 'शिझुकू' हा गेम 'व्हिज्युअल नॉव्हेल' मालिका म्हणून विकला. तोही प्रौढांचाच. या प्रकाराला सगळीकडं चिकटलेलं नाव अशा रीतीनं एका प्रौढ मालिकेवरून आलं.

## कथा एवढी चांगली, तर ती दृश्यं कशाला?

वाचकांचा हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पैशात आहे.

जपानमध्ये अशा पूर्ण लांबीच्या गेमचा डबा साधारण ८,८०० येनला विकला जायचा, म्हणजे महागच. गिऱ्हाईक थोडं पण ठरलेलं. ते महिन्याच्या यादीतून आगाऊ नोंदणी करायचं, दुकानदार त्यासोबत कापडी चित्र किंवा गाण्यांची सीडी फुकट द्यायचा, आणि विक्रीचा मोठा वाटा पहिल्या काही आठवड्यांत उरकायचा. दुकानातली फळी 'प्रौढांची' आणि गिऱ्हाईकही त्याच फळीकडं वळणारं. नवख्या कंपनीला त्या फळीवर जागा हवी तर ती दृश्यं घालावी लागत. लेखकाला म्हाताऱ्या आईची, आजारी मुलीची, हरवलेल्या गावाची कथा सांगायची असली तरी.

'की' (Key) नावाच्या जपानी कंपनीचा प्रवास बघण्यासारखा आहे. १९९९ चा 'कॅनन' प्रौढ आवृत्तीत आला. तो गाजला तो रडवणाऱ्या कथेमुळे. लगेच २००० मध्ये ती दृश्यं काढून सर्वांसाठीची आवृत्ती निघाली. नाव झाल्यावर २००४ चा 'क्लॅनाड' त्यांनी सुरुवातीपासूनच सर्वांसाठी काढला. पण सरळ रेषेत सुधारणा झाली असं समजू नका. 'क्लॅनाड'मधल्याच एका पात्रावरचा पुढचा गेम २००५ मध्ये प्रौढांसाठी आला. २००७ चा 'लिटल बस्टर्स' सर्वांसाठी होता, आणि २००८ मध्ये त्यालाच कामुक दृश्यं जोडून नवी आवृत्ती विकली. एकाच कथेला दोन आवृत्त्या, दोन्ही दिशांनी.

टाइप-मून या गटाचा 'फेट स्टे नाइट' जानेवारी २००४ मध्ये आला तेव्हा त्यात अशी दृश्यं होती, आणि कथेत त्यांना एक कामही दिलेलं होतं: एका पात्राची जादूची शक्ती दुसऱ्याकडं जाणं. २००७ मध्ये कन्सोलवर न्यायचं ठरलं तेव्हा नुसतं कापून भागेना, कारण शक्ती गेलीच नाही तर पुढची लढाई जुळत नाही. म्हणून त्या जागी शक्ती देण्याचा वेगळा प्रसंग लिहिला. कथा उभी राहिली, कन्सोलवर विकली गेली, तिच्यावर मालिका आणि चित्रपट झाले, आणि २०१५ मध्ये आलेल्या मोबाइल गेमनं अफाट पैसा मिळवला. तो प्रसंग बदलूनही कथेचं काही अडलं नाही, यावरून ती दृश्यं कथेची गरज होती की फळीची, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तरी उत्तर स्पष्ट दिसतं.

एक बारकावा सांगण्यासारखा: प्रौढ आवृत्तीत आवाज देणारे कलाकार बहुतेकदा वेगळं नाव लावतात आणि सर्वांसाठीच्या आवृत्तीत आपलं नेहमीचं. ज्यांच्या पोटापाण्याचा हा धंदा आहे त्यांनाही या शिक्क्याची धास्ती वाटते.

## जपानबाहेर चित्र आणखी बिघडलं

इंग्रजी वाचकांपर्यंत हा प्रकार पोचला तो नव्वदच्या दशकात, आणि आणणारे छोटे वितरक प्रौढ गेमचेच होते. त्यामुळे बाहेरच्या लोकांच्या हाती पहिल्यांदा प्रौढांचा कप्पाच पडला. स्टीमवर व्हिज्युअल नॉव्हेल मोठ्या संख्येनं आल्या त्या २०१४ च्या सुमारास. त्याच वर्षी 'साकुरा स्पिरिट' आला. त्यात उघड दृश्य नव्हतं, पण मुखपृष्ठ आणि आतली चित्रं तशी चाळवणारी. तो खपला, त्याची मालिका लागली, आणि नकला सुरू झाल्या. दुकानात नव्यानं आलेल्या माणसाला वाटलं, हा प्रकार म्हणजे हेच.

त्याच काळात पॅचची युक्ती रूढ झाली. पॅच म्हणजे गेममध्ये नंतर टाकायची जोडफाइल. स्टीमवर सर्वांसाठीची आवृत्ती विकायची आणि प्रौढ भाग प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवर जोडफाइल म्हणून ठेवायचा. नियमाचं कागदावर पालन, धंदाही चालू. पण याचं एक नुकसान झालं. 'सर्वांसाठी' या शिक्क्यावरचा विश्वास गेला. जी कथा खरोखरच सर्वांसाठी लिहिली आहे तिच्याबद्दलही लोक विचारू लागले, "याचा पॅच कुठं मिळेल?"

मे २०१८ मध्ये स्टीमनं काही व्हिज्युअल नॉव्हेल बनवणाऱ्यांना मजकूर काढा नाहीतर गेम हटवू अशा सूचना पाठवल्या, मग मागं घेतल्या. जूनमध्ये धोरण बदललं: बेकायदेशीर आणि निव्वळ खोडसाळ माल सोडून बाकी सगळं चालेल. सप्टेंबरमध्ये गाळणी आली आणि पूर्ण प्रौढ गेम उघड विकायला परवानगी मिळाली. तेव्हापासून प्रौढ माल गिऱ्हाईकानं स्वतः परवानगी दिल्याशिवाय दिसत नाही.

गाळणीला न अडणारी एक गोष्ट उरली: टॅग. टॅग म्हणजे गेमला चिकटवलेली ओळखचिठ्ठी. स्टीमवर ती खेळणारेही चिकटवतात. 'व्हिज्युअल नॉव्हेल', 'अॅनिमे' आणि 'सेक्शुअल कंटेंट' या चिठ्ठ्या इतक्यांदा एकत्र लागल्या की एक पाहणाऱ्याला दुकान दुसरं सुचवतं. तुम्ही कोर्टातल्या वकिलाची कथा विकत घेतलीत, आणि खाली शिफारशीत काय येतं ते बघा. हे कुणी ठरवून केलेलं नाही, चिठ्ठ्यांची गर्दी तसं करते.

## कार्ड कंपन्या यात कुठून आल्या?

दुकान कितीही मोठं असो, पैसे कार्डानं येतात. कार्डाचा व्यवहार पुढं नेणाऱ्या कंपन्यांनी हात काढला तर फक्त प्रौढ विभाग बंद पडत नाही, सगळं दुकान बंद पडतं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट या संघटनेनं बलात्कार आणि कुटुंबातल्या लैंगिक संबंधांचं चित्रण करणाऱ्या गेमविरुद्ध मोहीम चालवली, आणि दुकानांऐवजी थेट पैशांच्या कंपन्यांना पत्र लिहिलं. दाब तिथून आला. जपानमध्ये हा त्रास आधीच सुरू झाला होता. तिथल्या डीएलसाइट या दुकानात २०२४ मध्ये काही मोठी कार्डं चालेनाशी झाली.

मोहिमेनं नेम धरलेला माल खरोखर घृणास्पद होता, त्याची बाजू कुणी घेऊ नये. अडचण गाळण्याच्या पद्धतीत आहे. इच डॉट आयओवर वेळ कमी म्हणून सरसकट सगळं झाकलं गेलं. लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्या मुलीची कथा जर लेखिकेनं प्रामाणिकपणे 'प्रौढांसाठी' म्हणून नोंदवली असेल, तर तीही त्याच पोत्यात. प्रामाणिक नोंद करणाऱ्याला शिक्षा आणि नोंद न करणारा मोकळा, असा उलटा धडा त्यातून जातो.

## "म्हणजे हे सगळं निष्पाप आहे असं म्हणायचं का?"

अजिबात नाही. या प्रकारात केवळ उत्तेजनेसाठी लिहिलेला माल खूप आहे, दर महिन्याला नवा येतो. पालकांची शंका बिनबुडाची नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप पात्रांच्या वयाचा आहे. शाळेचा गणवेश, लहान चण, आणि सुरुवातीला एक ओळ: 'सर्व पात्रं १८ वर्षांवरील आहेत.' ही ओळ लिहून काही धुतलं जात नाही. चित्रात मूल दिसत असेल तर ते मूलच आहे. या प्रकारावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनीच हे मोठ्यानं बोललं पाहिजे. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६७ ब मुलांचं अश्लील किंवा लैंगिक रूपात चित्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मजकुराबद्दल आहे. त्यात प्रसारित करण्यासोबत तसा मजकूर किंवा डिजिटल चित्र तयार करणं, शोधणं, डाउनलोड करणं हेही येतं. पहिल्या गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'चित्र काढलेलं आहे, खरं माणूस नाही' या भरवशावर कुणी राहू नये. मोठ्यांच्या पात्रांचा अश्लील मजकूर दुसऱ्याला पाठवणं, ग्रुपवर टाकणं यालाही त्याच कायद्याची ६७ आणि ६७ अ ही कलमं आहेत. होस्टेलमधल्या पोरांनी पेनड्राइव्ह फिरवताना हे डोक्यात ठेवावं.

## "तसली दृश्यं नाहीत, मग लेकराला द्यायला हरकत नाही ना?"

हरकत असू शकते. सगळं लक्ष शृंगाराकडं लागल्यामुळे हा धोका झाकला जातो. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेला 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' फुकट आहे, दिसायला गोंडस आहे, शाळेतल्या वाचन मंडळाची गोष्ट वाटते, आणि कामुक दृश्यं त्यात नाहीत. पण तो मानसिक भयाचा गेम आहे. नैराश्य आणि आत्महत्या त्यात समोर येतात. मुलांसाठी किंवा लवकर अस्वस्थ होणाऱ्यांसाठी हा नाही, असं तो सुरुवातीलाच सांगतो. 'हिगुराशी'तली हिंसाही तशीच. परीक्षेच्या ताणाखाली एकटं राहणाऱ्या पोराच्या हाती काय पडतं, हे बघताना फक्त कपड्यांकडं बघून चालणार नाही.

## तपासायचं कसं

नुसतं नाव गुगल करू नका. चाळवणारी चित्रं जास्त पसरतात, तीच आधी येतील. व्हीएनडीबी नावाचा वाचकांनीच चालवलेला माहितीसाठा आहे, त्यात गेमचं नाव शोधा. वर कथेची माहिती आणि लांबी दिसेल. दोन तासांहून कमी असेल तर अगदी छोटी, पन्नासच्या वर असेल तर फार मोठी. टॅगमध्ये सर्वसाधारण आणि लैंगिक असे गट वेगळे केलेले असतात. मग खाली आवृत्त्यांच्या यादीकडं या, कारण खरं उत्तर तिथं आहे. प्रत्येक आवृत्तीसमोर वय लिहिलेलं असतं. एकाच नावाखाली एक ओळ १८ ची आणि दुसरी सर्वांसाठीची दिसली की समजावं, प्रश्न 'हा गेम कसा आहे' असा विचारायचाच नाही, 'आपल्याकडं कुठली आवृत्ती आहे' असा विचारायचा.

स्टीमच्या पानावर खाली उतरल्यावर प्रौढ मजकुराचं वर्णन करणारी चौकट सापडते. ती बनवणाऱ्यानं स्वतः भरलेली असते, म्हणून शब्द नीट वाचा. 'सूचक' आणि 'उघड' यांत फरक आहे. खात्याच्या स्टोअर प्रेफरन्सेसमध्ये प्रौढ मजकुराचे पर्याय बंद आहेत का ते पाहा. स्टीम फॅमिलीज या सोयीत पाल्याचं खातं जोडलं तर कुठले गेम दिसावेत ते पालक ठरवू शकतात. मोबाइलवर प्ले स्टोअरमध्ये नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा आकडा असतो, त्यानं अंदाज येतो.

जोडफाइलची शंका असेल तर स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर उजवं क्लिक करून 'मॅनेज' आणि मग 'ब्राउज लोकल फाइल्स' उघडा. बाकी फायलींपेक्षा वेगळ्या तारखेची, नावात 'पॅच' असलेली एखादी फाइल दिसली तर ती बाहेरून आणलेली असण्याचा संभव आहे. मात्र हे पोराच्या पाठीमागं करू नका. शेजारी बसून, त्याला विचारून करा. चोरून तपासलं तर पुढच्या वेळी फोल्डर लपवलेलं असेल आणि बोलणंही बंद झालेलं असेल.

## मराठीत करायचं ठरवलं तर

मराठवाड्यात लिहिणारी आणि चित्र काढणारी पोरं कमी नाहीत, आणि या प्रकाराला लागणारं भांडवल लहान आहे. रेन'पाय हे साधन २००४ पासून आहे, फुकट आहे, विंडोज, अँड्रॉइड आणि ब्राउझर तिन्हीकडं गेम बाहेर काढून देतं. आधी देवनागरीची चाचणी घ्या. जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, म्हणून नवीच आवृत्ती वापरा. 'विद्यार्थ्यांच्या', 'कर्तृत्व', 'ऱ्हास', 'दृष्टिक्षेप' हे चार शब्द चौकटीत टाकून बघा. नोटो किंवा मुक्ता हा फाँट गेमच्या फोल्डरमध्येच ठेवा, वाचणाऱ्याच्या संगणकात असेल असं धरू नका. वर मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. चौकटीत तीन ओळी मावतात असं वाटलं तर दोनच ठेवा.

पहिली कथा २०,००० शब्दांत बसवा, पात्रं तीन, पार्श्वभूमीची चित्रं आठ, सीजी दहा. विषय कुठलाही घ्या: दुष्काळात टँकरची वाट बघणारं गाव, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मागं राहिलेली मुलगी, निजामाच्या काळातल्या वाड्यातला खून.

स्टीमवर एका गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि पानावर किमान पाच स्क्रीनशॉट द्यावे लागतात. खरी निवड या पाचांत आहे. बहुतेक जण पाचही चेहऱ्यांचे लावतात आणि मग तक्रार करतात की लोक चुकीचं समजतात. पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये तुमची सर्वांत चांगली दोन वाक्यं चौकटीत वाचता येतील अशी दिसू द्या. दुसऱ्यात पर्याय विचारतानाचा क्षण, तिसऱ्यात गाव किंवा घर, आणि चेहरा चौथ्यात. कथेत प्रौढ प्रसंग असेल तर वयाची अट वर्णनाच्या पहिल्या तीन ओळींत लिहा. नसेल तर 'याचा कुठलाही पॅच नाही आणि येणारही नाही' हे वाक्य तिथंच टाका. पानाखालच्या चर्चेत हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जाणार आहे.